बाबांची डबी कुणाच्या हाती

३ नोव्हेंबर, सोमवार

आज बाबा तिला 'पोरी' म्हणाले.

"पोरी, पाठीमागे जरा उशी दे." मी त्याच खोलीत होते, उशी माझ्या हाताच्या अंतरावर. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, उशी दिली, गेली. मी नुसती बघत राहिले. तो शब्द माझा होता. मी पदवी घेऊन आले त्या दिवसापासून बाबा मला 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. मी डॉक्टर नाही, रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीवर बसते, हे शंभरदा सांगून झालं. आणि रिकामा झालेला शब्द दादाच्या बायकोला मिळाला.

बाबांच्या मणक्यात गाठ आहे. तीस वर्षं लोकांच्या घरात गुडघ्यांवर बसून फरशा बसवल्या. पाठ तर तेव्हाही दुखायची, त्यामुळे हे दुखणं वेगळं आहे हे कळायलाच वर्ष गेलं. गेल्या सोमवारपासून ऑक्सिकोडोन सुरू झालं. अफूच्या कुळातलं औषध. सकाळी आठला एक गोळी, संध्याकाळी आठला एक. गोळी पोटात हळूहळू सुटते, बारा तास पुरते. दर रविवारी मी चौदा कप्प्यांची डबी भरते. द्यायच्या मात्र वहिनीने, कारण माझी बस सातची.

औषध लागू पडलं. सहा महिन्यांनी बाबा बसून जेवले. पण हे औषध हट्टी आहे, त्याला शेजार चालत नाही. दारू नाही, झोपेच्या मुळ्या नाहीत, काढे नाहीत, चूर्णं नाहीत, अर्क नाहीत. मी तेरा ओळींची यादी टाइप केली, प्लास्टिकमध्ये बंद करून आणली आणि कपाटाच्या दाराला चिकटवली. वहिनी आठवीपर्यंत शिकलेली. तिने प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत यादी मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "ताई, हवा चालेल ना?"

बाबा हसले. दादाही हसला. कित्येक महिन्यांत बाबा असे हसले नव्हते. ते हसू तिने काढलं, तेही माझ्या यादीवर.

४ नोव्हेंबर, मंगळवार

खिडकीवर एक टॅक्सीवाले आजोबा आले होते. बाबांचंच औषध. मी विचारलं, "दारू घेता?"

"नाव काढू नका."

"झाडपाल्याचं काही? झोपेसाठी, पोटासाठी?"

"काही नाही हो, बाई."

मी कागदावर खुणा केल्या, गोळ्या दिल्या. दहा मिनिटांनी बघते तर आजोबा आमच्या औषध विभागाच्या मोठ्या मॅडमच्या टेबलाशी चहा पीत बसलेले. मॅडमनी नंतर कागद माझ्यापुढे ठेवला. रोज संध्याकाळी दोन पेग. शिवाय झोप यावी म्हणून बायको कुठलीशी मुळी दुधात उगाळून देते. हळूहळू सुटणारी गोळी दारूत भिजली तर कधी कधी बारा तासांचं औषध एकदमच सोडून मोकळी होते. वर दारूची गुंगी, मुळीची गुंगी. श्वास मंदावतो. माणूस झोपतो तो झोपतोच.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "तू विचारत नाहीस, उलटतपासणी घेतेस. कपाळावरची आठी घरी ठेवून येत जा."

मॅडमचा गुरुवारचा दिवस पिशवीचा असतो. पेशंटने घरातलं जे काही पोटात जातं ते सगळं पिशवीत घालून आणायचं – गोळ्या, पुड्या, बाटल्या, शेजारणीने दिलेलं, बाजारातून आणलेलं – आणि टेबलावर ओतायचं. नियम एकच. ओतताना टेबलाच्या या बाजूच्या माणसाने तोंडातून आवाज काढायचा नाही. 'अगंबाई' नाही, 'च्च' नाही. मला अजून त्या टेबलावर बसू देत नाहीत.

आज मॅडमवरही जळले. हल्ली मी कोणावर जळत नाही, ती यादी करणं सोपं जाईल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांचं आठ दिवस पोट साफ होत नव्हतं. या औषधाने होतंच तसं, पहिल्या दिवशी विचारायची गोष्ट. मी विचारलं होतं. "ठीक आहे," म्हणाले होते.

वहिनीला मात्र त्यांनी सांगितलं. सुनेला! तिने सुकी अंजिरं भिजत घातली, दिवसाला दोन तांबे पाणी पोटात जाईल असं बघितलं, आणि काल दादाकरवी डॉक्टरांकडून पोटाचं औषधही लिहून आणवलं. सगळं बरोबर केलं. एकही चूक नाही. मी शोधली.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू शिकलेली बाई. तुझ्याशी काय असलं बोलायचं?"

घरात पहिली पदवी आली तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटावेत तसा माझा निकाल वाटला होता. हे त्याच पदवीचं मागचं पान.

९ नोव्हेंबर, रविवार

आज बरा दिवस. खूप बरा.

बाजारात पपनसं आली आहेत. बाबांना लहानपणापासून आवडतात. दोन मोठी घेतली, दोन्ही हातांनी धरावी लागतात एवढी. वहिनी म्हणाली, "ताई, द्या, मी सोलते, मला सवय आहे." मी दिलं नाही. जाड साल काढली, प्रत्येक फोडीची पांढरी त्वचा सोलली, बिया काढल्या, रस काढला. पाऊण तास गेला. नखं कडू झाली.

सहा वाजता मोठा ग्लास भरून बाबांना दिला. हळूहळू प्यायले, तळाशी राहिलेला गर बोटाने काढून खाल्ला. "बऱ्याच दिवसांनी तोंडाला चव आली," म्हणाले.

अंजिरं तिची, उशी तिची, डबी तिच्या हाती. हा ग्लास माझा. रोज संध्याकाळी सहा वाजता.

१० नोव्हेंबर, सोमवार

पूर्ण ग्लास संपवला. तिच्यासमोर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा सुस्त आहेत. काल जेवताना चमचा हातातून सुटला. आज बोलता बोलता वाक्य मधेच सोडून दिलं आणि डोळे मिटले. वहिनी म्हणाली, "ताई, दोन-तीन दिवस असंच चाललंय. दुपारी बरे असतात, रात्रीच्या जेवणाला गळतात. सकाळी उठवायला जड जातं."

मी डबी तपासली. कप्पे बरोबर, जास्तीची गोळी गेलेली नाही. मग स्वयंपाकघरात वास आला. गॅसवर छोटं पातेलं, त्यात काळपट पाणी उकळत होतं.

"हे काय?"

"माझा काढा. खोकल्यासाठी. आलं, मिरी आणि आईकडची एक मुळी."

"कुठली मुळी?"

"नाव आईला विचारावं लागेल. मी लहानपणापासून घेते."

"बाबांना दिला?"

"तुमची यादी आहे ना दारावर," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, पण पातेल्यावर झाकण ठेवलं. झाकण का ठेवलं?

तिच्या आईची बाजाराच्या तोंडाशी टपरी आहे – वाळलेली पानं, साली, मुळ्या, कागदाच्या पुड्या. लग्न ठरलं तेव्हाच मी दादाला म्हटलं होतं, या लोकांना वाटतं जे जमिनीतून उगवतं ते सगळं निर्धोक. दादा म्हणाला, "मी मुलीशी लग्न करतोय, टपरीशी नाही."

१६ नोव्हेंबर, रविवार

काल संध्याकाळी बाबा उठेनात.

सव्वासात वाजले होते. आठची गोळी अजून दिलेलीही नव्हती. वहिनीने हाक मारली, मी हाक मारली, दादाने खांदा हलवला. डोळे किंचित उघडले आणि परत मिटले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटात आठ. परत मोजले. सात.

रुग्णवाहिकेत मी बसले. रुग्णालयात उतारा टोचला, आणि दोन मिनिटांत बाबा पाण्यातून वर यावं तसे वर आले, धापा टाकत, दुखण्याने ओरडत. ते ओरडणं ऐकून मी रडले. आनंदाने.

डॉक्टरांनी विचारलं, "याच्याबरोबर आणखी काय दिलं होतं?"

मी म्हटलं, "आमच्या घरात काढे होतात."

एवढंच म्हटलं. बोट दाखवलं नाही. दाखवावं लागलंच नाही, दादाची मान आपोआप वळली.

"मी बाबांना काही दिलेलं नाही," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर 'काढा' लिहून घेतलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दादाने तिला आईकडे पोचवलं. "थोडे दिवस," म्हणाला. ती भांडली नाही. जाताना गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सकाळच्या गोळीआधी थोडं खायला द्या, नाहीतर मळमळतं त्यांना."

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले. ओटा पुसलेला. अंजिरांची वाटी धुऊन पालथी घातलेली.

इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. मला हलकं वाटलं. घर परत माझं झाल्यासारखं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा घरी आले. तीन दिवस रुग्णालयात अगदी शुद्धीत होते. डॉक्टरांनी गोळीची ताकद निम्म्यावर आणली आहे, "पुन्हा धोका नको." मी पंधरा दिवसांची रजा मागितली, मॅडमनी दुपारनंतरची दिली. सकाळची गोळी आता दादा देतो, मी ताटलीत खायचं काढून जाते.

"पोर कुठाय?" बाबांनी विचारलं.

"आईकडे गेलीय."

"बरं नाही का तिला?"

मी पपनस सोलायला घेतलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी बाबा पुन्हा तसेच होते. फार नाही, पण तसेच. चहाचा कप छातीवर धरून झोपले होते, दादा दाढीचं पाणी घेऊन उभा. गोळी निम्मी केलेली. घरात वहिनी नाही. काढा नाही. तिच्या आईकडची एक पुडीही नाही, सगळ्या मीच फेकल्या होत्या. मग हे आलं कुठून?

मी सगळं पिशवीत भरलं आणि रुग्णालयात नेलं. पिशवीचा दिवस होता. पेशंट संपल्यावर मॅडमच्या टेबलावर ओतलं – डबी, पोटाचं औषध, अंजिरं, पाठीला लावायचं मलम, जीवनसत्त्वाच्या गोळ्या. मॅडमनी एकेक वस्तू उचलली, वाचली, बाजूला ठेवली.

"आणि खाणंपिणं?"

मी सकाळपासून सांगत आले. चहा, भात, उकडलेल्या भाज्या, दूध. "आणि संध्याकाळी सहाला मी पपनसाचा रस देते, मोठा ग्लास." हे सांगताना माझा आवाज जरा अभिमानीच होता. मला ऐकू आला तो.

मॅडमनी तोंडातून आवाज काढला नाही. त्यांचाच नियम. पेन खाली ठेवलं फक्त.

"कधीपासून?"

"नऊ तारखेपासून."

नऊ तारीख. दोन-तीन दिवसांनी सुस्ती. पंधराला रुग्णालय. तीन दिवस रस नाही, तर बाबा ठणठणीत. अठराला रस सुरू, विसाला पुन्हा सुस्ती. पुढचं मॅडमना बोलावं लागलं नाही.

ग्रेपफ्रूट मला माहीत आहे. तिसऱ्या वर्षी त्यावर प्रश्न होता. आतड्यात एक विकर असतं, ते ऑक्सिकोडोनसारख्या औषधांचा काही भाग रक्तात जायच्या आधीच मोडतं. ग्रेपफ्रूटच्या रसाने ते विकर बंद पडतं, एका ग्लासाने दिवसभर, कधी जास्तही. मग नेहमीची गोळीसुद्धा मोठ्या गोळीसारखी वागते. रोज रस घेतला तर रोज थोडं चढत जातं. हे सगळं मी लिहिलं होतं. पूर्ण गुण. पण ग्रेपफ्रूट मी कधी हातात धरलेलं नाही. माझ्यासाठी ते पुस्तकातलं चित्र होतं, अर्धं कापलेलं, गुलाबी. आणि पपनस म्हणजे बाबांचं आवडतं फळ. दोघं एकाच घरातली, पपनसही तेच करतं. पुस्तकातली गोष्ट आमच्या बाजारात पाटीवर ढीग करून मिळत असेल, असं डोक्यात आलंच नाही.

मॅडम म्हणाल्या, "आजपासून बंद. आणि घरी सांग. डॉक्टरांनाही. त्यांनी डोस उगाच कमी केलाय."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रस बंद. बाबांना म्हटलं, पपनसं संपली बाजारातली. "बरं," म्हणाले.

सांगितलं नाही. उद्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाबा पूर्ण शुद्धीत आहेत. बोलतात, पेपर वाचतात. दादा जेवताना म्हणाला, "बघ, ती गेली आणि बाबा सुधारले. मी उगाच तिची बाजू घेत होतो."

मी त्याला भात वाढला.

बाबा शुद्धीत आहेत आणि त्यांना दुखतंय. गोळी निम्मी, आणि तिला चढवणारा रस आता नाही. काल दुपारी बघितलं – कूस बदलताना पलंगाची पट्टी धरतात, बोटांची पेरं पांढरी होतात. मला बघितलं की सोडतात. विचारलं तर "ठीक आहे." मला ते सांगणार नाहीत. ज्या माणसाला ते सांगतात तिला मी घालवली.

डॉक्टरांना खरं सांगितलं तर डोस पूर्ववत होईल. खरं सांगितलं नाही तर बाबांनी पट्टी धरायची. एवढं सरळ आहे. चार ओळींचं उत्तर. आणि माझ्याच्याने होत नाही, कारण या घरात माझ्याकडे दुसरं काही नाही. दादाकडे गाडी आहे, पगार आहे. वहिनीकडे माणसं आपणहून जातात. माझ्याकडे फक्त 'हिला कळतं' एवढंच आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तपासणीला नेलं. डॉक्टर बाबांना म्हणाले, "तुमची मुलगी घरात आहे म्हणून वाचलात. वेळेवर श्वास मोजले तिने."

बाबा माझ्याकडे बघून हसले. किती दिवस वाट बघितली होती त्या हसण्याची.

बाहेर आल्यावर प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमनी विचारलं, "सांगितलंस घरी?"

"हो."

किती सहज निघालं. टॅक्सीवाले आजोबा आठवले. "नाव काढू नका."

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी टपरीवर गेले.

वहिनी लाकडी पेटीवर बसून सुपात मुळ्या निवडत होती. तिच्या आईने मला ओळखलं आणि उठून उभी राहिली. आदराने नाही.

"यादी घेऊन आलात का? लावा इथे, जागा आहे," म्हणाली.

"आई, राहू दे," वहिनी म्हणाली.

"का राहू दे? तुझ्या सासरी माझ्या टपरीचं एक पान तरी गेलं का? खोकून खोकून हैराण झालीस तेव्हा एक मुळी दिली, तर तेच विष ठरलं." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमच्या यादीच्या धाकाने माझी पोर ती मुळीसुद्धा पदरात लपवून न्यायची. तुमच्या घरात चोर आणि माझ्या घरात खुळी."

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच. रस, तारखा, ग्रेपफ्रूट, निम्मी केलेली गोळी, मॅडम. वहिनीचे हात चालूच होते. चांगली मुळी उजवीकडे, किडकी डावीकडे.

सांगून झालं तेव्हा तिने पहिलं विचारलं, "मग आता बाबांना दुखत असेल."

"हो."

"पट्टी धरतात?"

"हो."

तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल. मी दोन्हीची तयारी करून आले होते.

"ताई, हे मला कशाला सांगताय? मला माहीत होतंच की मी काही दिलं नाही," ती म्हणाली. "जिथे बोललात तिथे जाऊन सांगा. डॉक्टरांपुढे. यांच्यापुढे."

तिची आई म्हणाली, "आणि जाताना मागे वळून बघू नका, उगाच पाणी विचारावं लागेल."

बसमध्ये बसल्यावर कळलं, मला अजूनही जळायला होत होतं. चूक माझी, आणि खाली न बघता बोलता येतं ते तिला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

सकाळी आधी डॉक्टरांना, मॅडमना बरोबर घेऊन. मॅडमना आधी हेही सांगितलं की परवा खोटं बोलले. "ठाऊक आहे, तेव्हा आठी नव्हती तुझ्या कपाळाला," म्हणाल्या. डॉक्टरांनी कागदावरची काढ्याची ओळ खोडली, रसाची लिहिली, आणि डोस आठवड्याभरात टप्प्याटप्प्याने वाढवायचं ठरवलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "आणखी काही?" तेच जास्त लागलं.

घरी जेवताना दादाला आणि बाबांना. दादाने ताट सरकवलं. "दहा दिवस मी तिला फोन केला नाही," म्हणाला. "तुझ्यावर विश्वास ठेवून." उठला, गाडी काढली आणि गेला.

बाबांनी दादाचं ताट परत जागेवर ओढलं. मग म्हणाले, "रस कडवट असायचा जरा."

"मग प्यायलात का?"

"तू एवढा वेळ सोलत बसायचीस."

यापेक्षा मारलं असतं तर बरं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा एकटाच परत आला.

वहिनी येणार आहे, पण तिच्या अटी आहेत. दादाने हिशेबी माणसासारख्या बोटांवर मोजून सांगितल्या. एक, बाबांची डबी तिच्याकडे राहील. भरायचीही तिनेच, मी हात लावायचा नाही. दोन, कुठली गोळी काय करते, कशाशी भांडते आणि का भांडते, हे सगळं मी तिला बसून शिकवायचं. अर्धवट नाही. "तुला कळणार नाही" असं म्हणायचं नाही.

"बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले. मला विचारलंही नाही.

पहिली अट मी गिळली. दुसरीवर अडकले. चार वर्षं वसतिगृहाच्या खाटेवर पाठ केलेलं, घरात फक्त मला येणारं. ते वाटून टाकायचं, आणि ते तिला?

हो म्हटलं. तोंडाने.

१ डिसेंबर, सोमवार

ती काल आली. आज दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलावर पुस्तक घेऊन बसलो. मी आतड्यातल्या विकराचं सांगितलं, रस ते कसं बंद पाडतो ते सांगितलं. ती हनुवटी हातावर टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, गोळी मोडणाऱ्याला झोपवणारं फळ असतं, तर त्याला जास्त कामाला लावणारं पण काही असेल. ते खाल्लं तर गोळी वायाच जाईल, माणूस दुखण्याने तळमळेल आणि का, ते कुणाला कळणार नाही."

मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी उत्तर आधी पाठ केलं होतं. पान उलटून दाखवलं. पिवळ्या फुलांची एक वनस्पती आहे, मन उदास असलं की लोक घेतात. तिने ऑक्सिकोडोनचा असर निम्म्यावर येऊ शकतो.

तिने चित्र जवळ ओढलं. बराच वेळ बघितलं.

"ही आईकडे आहे," म्हणाली. "दुसऱ्या फळीवर. टॅक्सीवाल्या एका आजोबांची बायको नेते दर महिन्याला, म्हणते हल्ली यांचं दुखणं थांबतच नाही, गोळ्या वाढवल्या तरी."

माझ्या खिडकीवर आलेले तेच असणार. त्यांचा पत्ता विचारायला ती आईला फोन करायला उठली. मी चपला घालून खाली येऊन रिक्षा थांबवली आणि तिची वाट बघत उभी राहिले.